साहेबांचा कोट धुलाईला न देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासन अधिकारी,
संशोधन संस्था, मुख्य इमारत.

विषय : आपला करडा कोट न धुता, न झटकता सेंद्रिय रसायन प्रयोगशाळेच्या उपयोगी पडणेबाबत.
संदर्भ : प्रयोगशाळा स्वच्छ करण्याविषयीचा आपला लेखी आदेश.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते, की अर्जदार सेंद्रिय रसायन प्रयोगशाळेत संशोधन सहायक असून, या प्रयोगशाळेची ठळक कामगिरी एकच आहे. सांधेदुखीवर गुणकारी ठरेल असा एक पदार्थ येथे तयार झाला. तो कितीही शुद्ध केला तरी मधासारखा चिकट राहतो आणि लहर आली तरच त्याचे पांढरे स्फटिक जमतात, म्हणून त्याला सगळे 'महाराणी' म्हणतात.

२. महाराणी एकदाची जमली तेव्हा सत्कार झाला. त्या समारंभात आपण आमच्या टेबलावर कोपर टेकून भाषण केलेत. कोटाला पांढरी धूळ लागली, आपला पारा चढला आणि दुसऱ्याच दिवशी स्वच्छतेचा आदेश निघाला. सफाईच्या मावशींनी खोली अशी काही घासली, की भिंती मुळात हिरव्या आहेत हे विभागप्रमुख सरांना प्रथमच समजले.

३. तेव्हापासून महाराणी रुसली आहे. दह्याला लागते तसे स्फटिकालाही विरजण लागते. जुन्या स्फटिकाचा एक कण पडला, की बाकीचे आपोआप जमतात. तो कण धुळीत होता. धूळ गेल्यावर आमची अक्कल ठिकाणावर आली, पण हाती होते नव्हते ते स्फटिक आम्ही मोठ्या ऐटीत तपासणी समितीला पाठवून बसलो होतो. समितीने ते तपासता तपासता संपवले.

४. प्रयत्नांत कसूर केलेली नाही. काचेच्या कांडीने चंबू आतून खरवडला, बर्फात ठेवला. सरांचा कधीही न धुतलेला ॲप्रन आठवला, पण सत्काराच्या आनंदात त्यांच्या पत्नीने तो उकळत्या पाण्यात घातला होता. हे कळले त्या दिवशी सर जेवले नाहीत. मावशींकडे धूळ परत मागितली असता, आधी झाडा म्हणता आणि मग रडता, गेली ती गटारात, असे उत्तर मिळाले. शेवटी सरांची दाढी चंबूवर विंचरून पाहिली. महाराणी ढिम्म.

५. शनिवारी समिती येत आहे. तिच्यासमोर स्फटिक जमले नाहीत, तर आमची खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला देण्यात येईल. खुर्च्या जिन्यात येऊन थांबल्याही आहेत. अर्जदाराला दुसरे काम येत नाही, आणि खरे सांगायचे तर दुसरे करावेसेही वाटत नाही.

६. काल अर्जदार रजा मागण्यास आपल्या दालनात आला असता, खुंटीवर तोच कोट दिसला. उजव्या कोपरावर पांढरा डाग जसाच्या तसा. अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. आपण त्याचा संबंध रजेशी लावून ती मंजूर केलीत, त्याबद्दल आभार. बाहेर शिपाईदादांकडून कळले, की कोट गुरुवारी धुलाईला जाणार आहे.

७. तरी विनंती, की कोट धुऊ नये, शनिवारपर्यंत अंगात घालू नये आणि शक्यतो त्याच्याजवळ शिंकू नये. शनिवारी तो घालून आपण समितीसमोर यावे व चंबूवर फक्त कोपर खाजवावे. स्फटिक जमल्यास प्रयोगशाळेच्या कामगिरीत आपले नाव सर्वांत आधी घालण्यास सरांची संमती आहे. न जमल्यास आपल्या कोपराला कोणीही दोष देणार नाही.

आपल्या कोपराकडे डोळे लावून बसलेला,
अर्जदार
(संशोधन सहायक)
दिनांक : मंगळवार, कार्यालय उघडताच

सोबत :
१. आपल्याच आदेशाची प्रत.
२. अर्जदाराचा लग्नातला कोट, शनिवारपर्यंत आपल्या वापरासाठी. कृपया मळवूनच परत करावा.