राखीव मजकूर

३ मार्च

आजी गेली. सकाळी सव्वासातला. मी तेव्हा परगावी, एका पुलाच्या उद्घाटनाची बातमी घ्यायला. मंत्री साडेनऊला येणार होते, ते अकराला आले. घरचा फोन मी त्यानंतर पाहिला. पूल बरा आहे.

४ मार्च

संपादक म्हणाले, आजींवर तूच लिही, तीनशे शब्द. एकतीस वर्षांत पाचशेच्या वर मृत्युलेख पाडलेत — आज 'आजी' एवढंच लिहून दोन तास बसलो. संस्कृत शिकलेल्या माणसाला शब्दांचा तुटवडा पडू नये. शिकवलंही तिनेच. चाळीस वर्षं शाळेत, आणि उरलेला सगळा वेळ माझ्यावर.

खरं तर लेख कधीच लिहून झालाय. वयस्कर मंडळींचे मृत्युलेख आम्ही आधीच करून ठेवतो. त्या फायलीला कचेरीत 'प्रतीक्षालय' म्हणतात. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजीला दोन दिवसांची मुदत दिली, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी तिचाही उरकला. धंद्याची खोड! आठव्या दिवशी ती उठून बसली, चहा मागितला, फिकट आहे म्हणाली. घरी निघताना तो कागद औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर तिच्याच पिशवीत गेला. पुन्हा दिसला नाही. विचारणार तरी कसं — आजी, तुझा मृत्युलेख पाहिलास का?

५ मार्च

नव्याने माहिती गोळा करतोय. काका डोळे पुसत म्हणाले, आईने उभ्या जन्मात कुणाला दुखावलं नाही. हे काका! पोटच्या पोराला तिने स्वतःच्या विषयात दोनदा नापास केलं होतं. आत्या शांतपणे म्हणाली, "तिसऱ्यांदाही करणार होती. यानेच विषय बदलला."

शब्द अजून एकच. आजी.

६ मार्च

सापडला. तिच्या शब्दकोशात, चार घड्या घालून. आणि तपासलेला — लाल पेन्सिलीने!

'वात्सल्यसिंधू' खोडून शेजारी: "भरती-ओहोटीच्या वेळाही दे."

'पतिनिधनानंतर न डगमगता' — "डगमगले. दोन वर्षं. लिही."

'सर्व नातवंडांवर समान माया' — "साफ खोटं. बाकीच्यांना विचार."

वय मी ८४ घातलं होतं. ते खोडून ८५. मग ८६. असं करत करत ९१. म्हणजे दर वाढदिवसाला कागद काढून बसत असणार. सात वर्षं! मला एका अक्षराने बोलली नाही. मी गेलो की चहाचा कप पुढे करायची आणि सहज विचारायची, "सध्या कुणाचं लिहितोयस?" मी म्हणायचो, तुझ्या ओळखीचं कुणी नाही.

शेवटच्या वाक्याला तेवढा तिने हात लावलेला नाही. 'अखेरच्या क्षणी नातू उशाशी होता.' पुढे बरोबरची खूण. सबंध लेखात एकच.

७ मार्च

लेख दिला. तिच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. शेवटचं वाक्य मी खोडलं. तिच्याच पेन्सिलीने.