नमुना क्रमांक दोन

सौ. ताईस,

तुझ्या मामेबहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का, की अजून तू बोलायला लागलीस की त्यांना उबळ येते? मी बरी आहे, म्हणजे आज सकाळी दहापर्यंत बरी होते. त्यात एकतीस वर्षं टाइप करून हाताने लिहायची सवय मोडल्यामुळे अक्षर कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखं आलं आहे. फोनच केला असता, पण तुमच्या आवक-जावकच्या खोलीत फोन लागत नाही आणि घरी गेल्यावर तू कानाचं यंत्र काढून ठेवतेस.

आधी मुद्द्याचं सांगते, कारण पुढे मी भरकटणार हे तुला ठाऊक आहे. आमच्या गणित विभागाचं एक पाकीट आज तुझ्या टेबलावर आलं असेल. तुमच्या संशोधन संस्थेत प्रवेश मागणाऱ्या आमच्या एका मुलीचं शिफारसपत्र त्यात आहे, आणि चिकटवलेल्या जागेवर आमच्या विभागप्रमुखांची आडवी सही आहे. साहेबांना ते पाकीट परत हवं आहे. आमचा शिपाई हे पत्र घेऊन दोनच्या गाडीने निघेल आणि चारच्या सुमारास तुझ्यासमोर उभा राहील. तो पाकीट घेऊन आला तर ठीक, नाही तर मला कारणे दाखवा नोटीस, आणि माझ्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. पण पाकीट परत आलं तर त्या मुलीचं वर्ष गेलं, कारण तुमची शेवटची तारीख आज आहे आणि आज संध्याकाळी पाचच्या आत दुसरं पत्र तिथे पोचणार नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते आज मी दोन्हीकडे वाकून बघते आहे.

आता झालं काय ते ऐक. आमच्याकडे शिफारसपत्रांचे दोन नमुने आहेत. हे पूर्वी टंकयंत्राच्या काळात साहेबांच्या आधीच्या साहेबांनी ठरवले, मग संगणक आला, साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, नमुने तेच राहिले. नमुना क्रमांक एक मुलांसाठी. त्यात ‘असामान्य बुद्धिमत्ता’, ‘स्वतंत्र विचार’, ‘उपजत गणिती दृष्टी’ आणि शेवटी ‘असा विद्यार्थी दहा वर्षांतून एकदाच येतो’ असं असतं (गेल्या वर्षी असे दहा वर्षांतून एकदाच येणारे सहा जण एकाच वर्गात आले होते, त्यातले दोघे नापास झाले). नमुना क्रमांक दोन मुलींसाठी. मेहनती, नम्र, नियमित, अक्षर सुंदर, सर्वांशी मिळूनमिसळून वागते, दिलेलं काम वेळेवर करते. हे पत्र घेऊन ती कुठल्याही हॉटेलात गेली असती तर त्यांनी तिला लगेच कामावर ठेवून घेतलं असतं. यात कुणाचा दुष्टावा नाही हो, साहेबांना हे खरंच कौतुक वाटतं. मेहनती म्हणणं काय वाईट, असं ते म्हणतात, आणि मी एकतीस वर्षं तेच टाइप करत आले.

मागच्या वर्षी वरून एक चौकशी आली होती, की गणित आणि भौतिकशास्त्रात पुढे जाणाऱ्या मुली इतक्या कमी का. साहेबांनी विचार करकरून मला उत्तर सांगितलं: विद्यार्थिनींचा कल नाही. मी ते टाइप केलं, आणि त्याच दुपारी नमुना क्रमांक दोनची तीन पत्रं टाइप केली. दोन्ही कामं त्याच बोटांनी केली आणि चहा प्यायले.

यंदा चाळीसात चार मुली होत्या. त्यातली ही एक, तिला आम्ही कचेरीत ‘खडू’ म्हणतो, कारण तिच्या बाहीवर कायम खडूची पूड. माझ्या खिडकीसमोरच्या व्हरांड्यात एक फळा आहे. त्यावर साहेब एखादं अवघड गणित लिहून ठेवतात, ज्याला येईल त्याने सोडवावं. या वर्षीचं एक गणित अकरा दिवस तसंच होतं. पोरं घोळक्याने येत, हातवारे करत, अर्धा फळा भरत आणि जेवायला जात. बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर खडू आली, पोरांनी लिहिलेलं पुसलं, सहा ओळी लिहिल्या आणि निघून गेली. नाव लिहिलं नाही. साहेब आले, फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा काढून पुन्हा लावला आणि ‘वा!’ म्हणाले. शेजारी त्यांचा लाडका विद्यार्थी उभा होता (त्याला आम्ही लाडोबा म्हणतो). साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो काही बोलला नाही, नुसता हसला. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मी खिडकीतून सगळं पाहत होते आणि मीसुद्धा काही बोलले नाही, कारण माझं काम टाइप करणं आहे.

तर परवा तेरा पत्रं एकदम आली. टपाल पाचला बंद होतं, साडेचार वाजलेले, छपाईयंत्र कागद गिळून बसलेलं, उकडत होतं, शिवाय माझी दाढ ठणकत होती. या सगळ्या गडबडीत खडूच्या पत्रासाठी चुकून नमुना क्रमांक एकची फाईल उघडली गेली. साहेब फोनवर बोलत बोलत सह्या करत होते. त्यांनी तेराही पत्रांवर न बघता सही ठोकली, मी पाकिटं चिकटवली, त्यांवरही त्यांच्या आडव्या सह्या घेतल्या आणि शिपाई धावत गेला. आज सकाळी लाडोबासाठी दुसरीकडे पाठवायच्या पत्रात आणखी एक ‘असामान्य’ घालता येईल का बघायला साहेबांनी स्थळप्रतींची फाईल उघडली, तर वरच खडूची प्रत.

बोलावणं आलं. मी आत गेले. तुला आमच्या साहेबांची खोली माहीत नाही: भिंतीवर आजवरच्या सगळ्या विभागप्रमुखांचे फोटो, अकरा पुरुष, सगळे असे बघतात जणू आपणच त्यांचं पेन चोरलं आहे. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात आख्खं पत्र वाचत होते, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघत होते. माझे पाय असे लटपटत होते की मी कपाटाला टेकले. वाचून झाल्यावर म्हणाले, हे काय आहे, बाई? आणि ताई, माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच नंतर कळलं. मी म्हटलं, साहेब, यातलं कोणतं वाक्य खोटं आहे तेवढं सांगा, मी आत्ता दुसरं टाइप करते.

साहेबांनी लाल पेन उघडलं. ‘स्वतंत्र विचार’वर आणलं, पुढे नेलं. ‘उपजत दृष्टी’वर थांबले. ‘दहा वर्षांतून एकदाच’ला पेन इतका वेळ टेकवून ठेवलं की कागदावर लाल डाग पसरला. तेव्हा मी त्यांना त्या सहा ओळी कुणाच्या ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून खडूला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. साहेबांनी विचारलं, ते तू सोडवलंस? हो, सर. मग नाव का नाही लिहिलंस?

ती बाहीवरचा खडू झटकत म्हणाली, “सर, मी नाव लिहिलं की सगळे आधी चूक शोधतात. नाव नसलं की आधी वाचतात.”

साहेबांनी तिला बसायला सांगितलं नाही, पण ते स्वतः खाली बसले. माणूस वाईट नाही गं. आमचे हे आजारी होते तेव्हा यांनीच मला दोन महिने सुट्टी दिली आणि वर कळू दिलं नाही. मला वाटलं, झालं, आता सुटलो. पण ती गेल्यावर म्हणाले, बाई, पत्र खरं असेलही, पण ते मी लिहिलेलं नाही. मी स्वतः लिहीन, माझ्या शब्दांत. मला समोर बसवलं आणि खिडकीबाहेर बघत मजकूर सांगायला लागले. “ही विद्यार्थिनी अत्यंत...” इथे थांबले. घाम पुसला. पुन्हा “ही विद्यार्थिनी अतिशय...” असं चार वेळा झालं. पाचव्यांदा एका दमात म्हणाले, “ही विद्यार्थिनी अतिशय मेहनती असून नियमित आहे.” मी टाइप केलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, आधी ते पाकीट परत आणा, मग बघू. मी तारखेची आठवण करून दिली. ते म्हणाले, मला माहीत आहे.

तेव्हा ताई, पाकिटावर तुझा आवक शिक्का अजून पडला नसेल, तर ते शिपायाकडे दे. शिक्का पडला आणि क्रमांक लागला की ते तुमच्या संस्थेचं झालं, मग तुमचे संचालकसुद्धा ते परत देऊ शकत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. साहेब काचेतून दोनदा डोकावले आहेत. मी इतकं लांबलचक लिहिते आहे म्हणजे खूप गयावया करते आहे असं त्यांना वाटत असावं.

दाजींना नमस्कार, खोकल्याला निरोप, आणि तुला काय लिहू ते सुचत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. शिपाई विसराळू आहे. पाकीट दिलंस तर त्याच्या आतल्या खिशात ठेवायला सांग.

ता. क. २. साहेब जेवायला गेले, म्हणून आता खरं लिहिते. पाकीट देऊ नकोस. हे वाचते आहेस तेवढ्यातच, शिपाई समोर उभा असताना, शिक्का मार, क्रमांक टाक आणि संचालकांच्या टेबलावर पाठवून दे. शिपायाला चहा पाज, काहीतरी खायला घाल, आणि रिकाम्या हाताने परत पाठव. माझी काळजी करू नकोस. नोटीस आली तरी ती टाइप करायला विभागात माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मी ती सावकाश करीन.

ता. क. ३. आणखी एक, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. फाईल चुकून उघडली गेली नाही. दाढही दुखत नव्हती. मी नमुना क्रमांक दोनच उघडला होता, खडूचं नावही घातलं होतं, आणि ‘अक्षर सुंदर’पाशी आले आणि माझे हात पुढे चालेनात. नऊ वर्षांपूर्वी माझी लेक याच विभागातून तुमच्याकडे यायला निघाली होती. तिचं पाकीट तूच आवक केलंस. ते पत्र मी टाइप केलं होतं, नमुना क्रमांक दोन, एक शब्द न बदलता, आणि ‘अक्षर सुंदर’ वाचून मला इतका आनंद झाला होता, कारण तिचं अक्षर मी घडवलं होतं. तुमचा नकार आला तेव्हा ती एवढंच म्हणाली की आई, माझी झेप तेवढी नसेल. ती आज विमा कचेरीत हप्ते मोजते आणि अजून तेच समजते. मी तिला ते पत्र कधी दाखवलं नाही. त्याची स्थळप्रत आत्ता फाईलमधून काढून माझ्या पिशवीत ठेवली आहे. रविवारी तिच्याकडे जाते आहे. साहेबांसमोर पाय लटपटले ते काहीच नव्हतं, ताई.