भोपळ्या माझ्याबरोबर लंगडत नाही

चिमणे,

तू सांगितलंस म्हणून भोपळ्याला कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं, आणि आता माझंच डोकं चालेनासं झालंय. तुझ्याबरोबर धावून येताना तो लंगडतो, हे मी खिडकीतून रोज बघते. पण माझ्याबरोबर हा पठ्ठ्या एकदाही लंगडला नाही.

डॉक्टरांनी चारही पाय दाबून पाहिले. म्हणाले, "आजी, याला काही झालेलं नाही. कधीकधी कुत्री जोडीदाराची चाल उचलतात. घरात कुणी लंगडतं का?"

"मी तर सरळ चालते," म्हटलं, "आणि याच्याबरोबर पंचवीस किलोमीटर धावणारी काही मी नव्हे!"

ते हसले. मला हसू येईना. एकाहत्तर साली आपला काळू तुझ्या आजोबांशेजारी असाच लंगडत धावायचा. आम्ही महिनाभर त्याच्या पायाला तेल चोळलं, आणि आजोबा स्वतःची दुखरी टाच लपवून शर्यतीत उतरले. काळू पुढे ठणठणीत बारा वर्षं जगला. आजोबा पुन्हा कधी धावले नाहीत.

तुला विचारलं तर "काही नाही गं आजी" म्हणशील. मी उगाच संशय घेतेय की काय, तेही कळत नाही. आणि तुझी शर्यत तर रविवारवर आली.

तू झोपली होतीस, उठवलं नाही. आम्ही दोघं खाली बाकावर बसलोय. उठलीस की ये. लिफ्टने नको, जिन्याने ये, आणि कठडा न धरता. जिना इथून सगळा दिसतो.

आजी