माझ्या चासीवर दुसऱ्याची बॉडी

४ फेब्रुवारी, रविवार

घडलं ते क्रमाने:

१. ओढा ओलांडताना माझी गाडी मधोमध बंद पडली.
२. दंतवैद्याने त्याच्या गाडीने ओढून बाहेर काढली. (तो खरोखरच दातांचा डॉक्टर आहे. आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात सगळे त्याला दंतवैद्यच म्हणतात.)
३. मंडळाचा नियम असा: ज्याला ओढलं त्याने सगळ्यांना चहा करायचा, आणि ज्याने ओढलं त्याने दिवसभर त्याबद्दल बोलायचं नाही. मी चहा केला. तो बोलला नाही. दोनदा हसला.
४. पाणी कुठे शिरलंय ते बघायला त्याने खिशातून दात तपासायचा आरसा काढला आणि इंजिनमागे घातला.
५. मागच्या पत्र्यावर, रंगाच्या थरांखाली, ठोकलेला नंबर दिसला. बॉडीचा नंबर.
६. दंतवैद्य म्हणाला, "हा माझ्या चासीचा नंबर आहे."
७. त्याच्या गाडीत तोच आरसा त्याच जागी घातला. तिथे माझ्या चासीचा नंबर!

या जुन्या गाड्यांच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आणि वरच्या बॉडीवर कारखान्यात एकच नंबर ठोकत. आमच्या दोन्ही गाड्या एकाच सरकारी आवारातून लिलावात सुटलेल्या. एक बाबांनी घेतली, एक त्याच्या आईने. त्याआधी कधीतरी दुरुस्तीला दोन्ही बॉड्या उतरवल्या असणार आणि चढवताना कुणा शहाण्याने अदलाबदल केली. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्या गाडीत बसतेय. आणि तो माझ्या.

५ फेब्रुवारी

घरी सांगितलं. बाबा बस डेपोत बॉडी फिटर होते, त्यामुळे त्यांना हे जिव्हारी लागायला हवं होतं. उलट खूश झाले. "म्हणजे मी इतकी वर्षं परक्याचा पत्रा ठोकत बसलो होय!" आई म्हणाली, सिनेमात पाळण्यातली मुलं बदलतात, तुमच्यात पत्रे बदलतात.

७ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. त्यांच्या गाडीचा एकूण एक स्क्रू मूळचा आहे आणि हे ते कुणालाही विसरू देत नाहीत. निकाल लगेच दिला – नंबर जुळत नसतील तर ती गाडी नाही, तडजोड आहे. दोन्ही बॉड्या उतरवायच्या, ज्याची त्याला द्यायची. अठरा तारखेला, रविवारी, दंतवैद्याच्या शेडमध्ये.

एवढी घाई कशाला, विचारलं. तर म्हणाले, अगं, तो पंचवीसला गाडी घेऊन चाललाय ना कायमचा. डोंगरातल्या गावात दवाखाना घेतलाय त्याने.

मला माहीत नव्हतं. त्याने मला सांगावं असं काही कारणही नव्हतं.

८ फेब्रुवारी

बॉडी उचलायचा आराखडा काढला. आराखडा उत्तम झाला आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

त्याच्या शेडमध्ये दोन्ही गाड्यांच्या बोल्टांना तेल सोडलं, म्हणजे आठवडाभरात गंज सुटेल. मी खाली, तो वर. एकदा जॅक सरकला. "हात काढ!" ओरडला. एरवी 'अहो इंजिनिअरबाई' असतं. हात काढला. लगेच पुन्हा 'अहो' सुरू झालं.

त्याच्या हौद्यात मागच्या सांध्यातून गवत उगवतं. त्याची आई रोपवाटिका चालवायची, सगळी रोपं याच गाडीतून जायची, ती माती अजून सांध्यात आहे. आई गेल्यावरही त्याने ती उकरली नाही. अठरा तारखेनंतर हा हौदा माझा. म्हणाला, "अधूनमधून पाणी घालाल ना?"

मी म्हटलं, सांध्यात ओल राहिली तर बोल्ट गंजतील.

तो म्हणाला, बरोबर आहे.

तांत्रिकदृष्ट्या मी बरोबरच होते. तरी घरी येईपर्यंत स्वतःचा राग येत राहिला.

आणखी एक. नव्या दवाखान्यामागे म्हणे पत्र्याचं छप्पर आहे, दोन गाड्या आरामात मावतील एवढं. एका गाडीला एवढं कशाला, असं मी विचारलं. तो पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

१३ फेब्रुवारी

कार्बोरेटर धुतला.

१५ फेब्रुवारी

पुन्हा धुतला. आई दारात येऊन उभी राहिली. "त्याला अंघोळ घालून घालून झिजवशील." मग जाता जाता, कणीक मळायचीय अशा आवाजात – "माणूस बरा आहे का तो?" मी म्हटलं, कोण? आई म्हणाली, "कार्बोरेटर."

१८ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहून ठेवते.

मंडळातले सहा जण आले. बाबाही आले – नुसतं बघायला, हात खिशात घालून. आधी माझी बॉडी उतरवायची ठरलं. वायरी सोडवल्या, बोल्ट काढले. आराखड्याप्रमाणे सगळं सुटलं. साखळी ओढायला सुरुवात केली. बॉडी चार बोटं वर आली. चासी आणि बॉडीच्या मधून पलीकडचा उजेड दिसला. तशी ती कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात डावा दरवाजा आपोआप उघडला. त्यावर ठिगळ आहे. गाडी शिकताना मी फाटकावर घातली होती, तेव्हाचं. ते बाबांनी बसवलं आणि मी हट्ट केला म्हणून शेवटचे रिबिट मला मारू दिले. बाबांचे सरळ रेषेत आहेत, माझे उतरत गेलेत. डेपोत असं काम त्यांनी कुणाचंच पास केलं नसतं. बाबांनी खिशातून एक हात काढला आणि दरवाजा हलू नये म्हणून त्या ठिगळावर ठेवला.

मी म्हटलं, "थांबा. खाली घ्या."

मास्तर म्हणाले, का?

"माप जुळत नाही."

मापं मीच घेतली होती. दोनदा. आणि एकाच कारखान्यातल्या, एकाच साच्यातल्या बॉड्या, त्यांचं माप न जुळायला काय झालंय! हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. दंतवैद्य टेप घेऊन पुढे आला. वाकून, डोळे बारीक करून, अगदी दाढ तपासावी तसं मोजलं. म्हणाला, "खरंच. नाही जुळत." टेप त्याने उलटी धरली होती.

मास्तरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग बोल्ट लावा आणि चहा टाका," म्हणाले. पुढे दंतवैद्याला म्हणाले – माझ्याकडे न बघता – "पण तू एकदा गेलास की हे कायमचं चुकलेलं राहणार, लक्षात ठेव."

शेवटचा बोल्ट आवळताना तो खाली माझ्या शेजारी होता. म्हणाला, "आता तुमची अर्धी गाडी तिकडे आणि माझी अर्धी इकडे."

मी "हो" म्हटलं. फक्त हो! याहून बरं काही सुचायला मला आठ-दहा दिवस लागतात, आणि हाताशी सात आहेत.

१९ फेब्रुवारी

बाबा जेवताना सहज म्हणाले, माप चांगलं घेतेस हल्ली.

२० फेब्रुवारी

प्रश्नच चुकीचा मांडला होता. बॉडी कुठल्या चासीवर बसवायची, हा प्रश्न नव्हता.

आमच्या कंपनीचे पंप तिकडे, त्याच्या डोंगरातल्या गावाकडेही बसवलेत. देखभालीला तिथे इंजिनिअर लागतो आणि तिकडे जायला कुणी तयार होत नाही. आज साहेबांना सहज म्हणून विचारलं. सहज नव्हतं. ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, कधी जाताय बोला.

शुक्रवारी सांगते म्हटलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी दंतवैद्याच्या गाडीच्या वायपरखाली ठेवलेली चिठ्ठी, जशीच्या तशी:

"दोन्ही गाड्या एकाच छपराखाली राहिल्या तर काहीच बदलावं लागत नाही. गवत काढायचं नाही. बोल्ट मी बघेन. तुमच्या छपराखाली दोन गाड्या मावतात असं तुम्हीच म्हणाला होता; दोन माणसं मावतात का, ते कळवा. उत्तर शुक्रवारपर्यंत, म्हणजे २३ तारखेपर्यंत, हवं आहे."