केराबाईचे मोजे

१८ डिसेंबर १९३४, मंगळवार

मोजे! काळे, घोंगडीच्या तुकड्यांचे. हे आज नाक्यावरून पायात घालूनच आले. कुणाचे, विचारलं. “केराबाईनं शिवले.” बस्स. केराबाई म्हणजे जशी साऱ्या सोलापूरला ठाऊकच असायला हवी!

पहाटेच्या थंडीत सायकलवरून जकात नाक्यावर कामाला जायचं, पाय लाकडासारखे होतात, हे मला काय कळत नाही? गेल्या महिन्यात मी माझं इरकली लुगडं फाडून पायपट्ट्या शिवून दिल्या. “पायडलवरनं सरकत्यात” म्हणाले. आता त्या पट्ट्यांनी सायकल पुसतात. माझं लुगडं चाकाला आणि तिची घोंगडी पायाला!

२० डिसेंबर

शेजारच्या निंगव्वाकडून कळलं. केराबाई धनगरीण आहे, नाक्याजवळ घोंगड्या विकायला बसते. “मल्लप्पा तिच्याशी लई बोलतो की,” म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. ह्यांचं नाव ती खुशाल घेते. मला कागदावरसुद्धा ते तिच्याच तोंडून लिहावं लागतं.

बोलतात? हे? लग्नाला तीन वर्षं झाली, घरात ‘वाढ’ आणि ‘पुरे’ ह्यापलीकडे गाडी जात नाही.

२३ डिसेंबर

पाहून आले. घोंगडी घ्यायचं निमित्त, निंगव्वा सोबत. बाई उंच आहे. उभ्या उभ्या सूत काढते आणि सारखी हसते. हेही हसत होते — मोठ्यानं! ह्यांच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला आज नाक्यावर उभं राहून कळलं. जीव नुसता जळला.

“वैनी, मोजं बरं हायती न्हवं?” तिनं मलाच विचारलं. म्हटलं, टोचतात. मी कुठं घातलेत? घोंगडी न घेताच परतले.

२४ डिसेंबर

केलं! चटणी करायला बसले होते, मोजे समोरच दोरीवर. दोन्हींत मूठमूठ तिखट चोळलं आणि वरून झटकून ठेवलं. भाजू देत तळवे. घ्या म्हणावं केराबाईची ऊब!

२५ डिसेंबर

कर्म माझं! हे परतले ते गुणगुणतच. “पाय कसे गरम होते आज, भट्टीच की! केराबाईच्या हाताला गुण हाय.” तळवे दाखवले — लालभडक. “तिच्या लोकरीचा रंग सुटलाय.”

धावत फळीशी गेले. लवंगी मिरचीची बरणी तशीच भरलेली. मी हात घातला होता ब्याडगीत! नुसता रंग, तिखटपणा बेताचा. अक्कलकोटची लेक मी, चटणीत नाव काढलेली, आणि रागाच्या भरात बरणी चुकले. वर गुण केराबाईच्या पदरात.

२ जानेवारी १९३५

काल लवंगी हातात घेतली होती. मग ह्यांच्या टाचांच्या भेगा आठवल्या. ठेवून दिली. ब्याडगीच घातली, पाय तरी गरम राहतील. रोज घालते!

मिरची माझी, कौतुक तिचं. रोज जेवताना केराबाई. आज तर म्हणाले, “संक्रांतीला तिला चोळखण द्यायला पायजे.” मी ताटात भाकरी आपटली. म्हटलं, द्या की, मी कोण नको म्हणणारी! मी खूप बोलले. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

८ जानेवारी

आता बास. मोजे धुऊन टाकले, चार वेळा पिळले. कणभर तिखट राहिलं नाही. उद्या कळू दे केराबाईच्या लोकरीत किती ऊब आहे ते.

९ जानेवारी

हे मोजे घालून दाराशी गेले. परत आले. एक मोजा काढून हुंगला.

“आज इसरलीस व्हय?”

म्हटलं, काय?

“मिरची. लोकर काळी हाय, रुद्राणी. ती लाल रंग कुठनं सोडंल?”

माझं नाव! ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा.

मला खाली बघावं की वर, कळेना. “मग रोज केराबाई, केराबाई कशाला?”

“तिचं नाव काढलं की तू बोलतीस तरी,” म्हणाले. खळी पडली. आमच्या दारात!

मोजे पुढं केले. मी फळीशी गेले. ह्या वेळी बरणी नीट बघून घेतली.