‘पासियांत’चे तांब्याचे खिळे

मी, ओनोरा गेरार, वय एकसष्ट, फ्रेंच आरमाराच्या गोदीतला निवृत्त सुतार, राहणार तुलाँ, कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे. छातीत पाणी झाले असले तरी डोके कोरडे आहे.

कलम १. माझे रंधे, पटाशा व करवती शेजारी मारियुसला द्याव्यात. निम्मी हत्यारे त्याच्याकडेच आहेत. परत करायचा त्याचा त्रास वाचेल.

कलम २. ‘पासियांत’ची लाकडी प्रतिकृती चर्चमध्ये टांगावी. हे चिलखती जहाज आम्ही १८६१ साली बांधले. पोट ओकचे, त्यावर चार बोटे जाड लोखंडी पत्रे, तीन डोलकाठ्या आणि इंजिनही. लाटेवर ‘पासियांत’ इतकी डोले की खलाशी तिला पाळणा म्हणत. मेक्सिकोला तिने सैनिक नेले, सत्तरच्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात उत्तरेला पहारा दिला, एकही गोळा न डागता परतली आणि पुढे कुजली म्हणून मोडीत गेली. मला ती फार आवडायची.

कलम ३. पत्रे घडवणारा लोहार बातिस्तँ माझा जिवलग मित्र. "अरे सुतारा, तुझ्या लाकडी बाईला माझा लोखंडी झगा नसता तर पहिल्याच गोळ्याला तळाला गेली असती," असे म्हणायचा. माझी धाकटी बहीण देल्फीन हिच्याशी त्याचे लग्न ठरले होते.

पाण्याखाली तांब्याचाच खिळा, हे बापाने मला मारून शिकवलेले. म्हणून खालच्या रांगेचे पत्रे मी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकले. समुद्रात तांबे शेजारचे लोखंड खाते, हे आम्हा लाकडाच्या माणसांना कुठे ठाऊक? तीन वर्षांनी जहाज गोदीत आले तेव्हा खिळ्यांभोवतीचे लोखंड खाऊन दोन पत्रे लोंबत होते. जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना, मी ते खिळे काढून लोखंडी बसवले. चौकशीत ठरले की बातिस्तँचे लोखंड कच्चे. त्याला काढले. मी गप्प बसलो, नोकरीच्या भीतीने; दुसरे कारण नाही. बदनाम तोंड घेऊन लग्न करणार नाही, असे सांगून तो खाडीपलीकडे ला सेनला राहायला गेला. दोघेही अजून एकटे आहेत. देल्फीन, मला माफ कर.

कलम ४. हे घर देल्फीन व बातिस्तँ यांना मिळून द्यावे. कोणीही आपला वाटा दुसऱ्याला विकू नये. माझ्या मृत्यूनंतर कलम ३ गोदीच्या फाटकाशी मोठ्याने वाचावे.

इथवर लिहिले आणि देल्फीन सूप घेऊन आली. तिने कागद उचलून वाचला, पुन्हा वाचला. मला शिव्या हव्या होत्या.

"दादा, सतरा वर्षं रे," एवढेच म्हणाली. मग शाल घेतली. "ला सेनची होडी किती वाजता?"

"साडेचारला. पण हे मी मेल्यावर उघडायचं होतं."

"तू मर सावकाश. सूप गार होतंय."

तिसरे कलम ती फाडून घेऊन गेली. ते मी पुन्हा लिहून जोडले आहे. ते वाचण्याची मृत्यूची अट मी कलम ४ मधून खोडली. कलम ३ आज, साडेचारपासून लागू झाले.

साक्षीदार: फोर्त्युने ओद, पाववाला; फेलिसियाँ ब्रेमाँ, शिडे शिवणारा.
सही: ओनोरा गेरार
तुलाँ, ९ मार्च १८८१