ओव्हाळ, हजर

४ ऑगस्ट, सोमवार

आज खोली लावून झाली. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. टेबल, खुर्ची, कॉट आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. बेचाळीस वर्षांत मला स्वतःची अशी खोली पहिल्यांदाच मिळतेय. खडकीच्या घरात दोन खोल्या आणि माणसं पाच: आई, दादा म्हणजे माझे वडील, बायको सोनाली, लेक मैत्री आणि मी. तिथून ऑनलाइन तास करायचे तर टीव्ही लागला की अभ्यास बंद. कुकरनं शिट्टी दिली की सरांचं वाक्य जाणारच.

खोली सुनीतीबाई लिमये यांची. निवृत्त शिक्षिका, खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. छापखाना बंद पडेपर्यंत सतरा वर्षं मी तिथं कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचो, त्यात त्यांची व्याकरणाची पुस्तकंही होती. आता ठरलंय असं, की वर्षभर खोली मी वापरायची आणि त्याबदल्यात त्यांचं नवं पुस्तक लावून द्यायचं. किल्ली देताना म्हणाल्या, "अहो ओव्हाळ, शुद्धलेखन बिघडलं तर खोली रिकामी करावी लागेल." त्या थट्टा करताहेत की खरंच बोलताहेत, हे मला सतरा वर्षांत कळलेलं नाही.

वेब डेव्हलपमेंटची पदवी ऑनलाइन करायची, हे डोकं सोनालीचं. ती नर्स आहे. ड्यूटीवरून येऊन रात्री तिनंच फॉर्म भरला. म्हणाली, सतरा वर्षं लोकांची पानं लावलीत, आता स्वतःची लावा.

अकरा वाजता पहिला तास झाला. स्क्रीनवर साठ चौकोन, साठ चेहरे, सगळे विशीतले. श्रीनिवास सरांनी नावं घेतली. मुलं नुसतं टाइप करत होती. माझं नाव आल्यावर मी सवयीनं मोठ्यानं "हजर!" म्हणालो. सगळे हसले, सरही हसले. मलाही हसू आलं. छान गेला दिवस.

११ ऑगस्ट, सोमवार

माझं पहिलं वेब पान तयार झालं. पांढऱ्या पानावर मधोमध मैत्रीचं नाव, खाली तिचा शाळेतला फोटो. कोडमध्ये एक खूण विसरलो होतो तर सगळा मजकूर तिरका झाला. जुन्या छपाईत अक्षराचा एखादा खिळा उलटा बसावा तसंच. म्हणजे काम अगदीच परकं नाही.

प्रोजेक्टसाठी जोडीदार मिळाली अवनी, नाशिकची, वीस वर्षांची. मला काका म्हणते आणि न चिडता समजावते. मैत्रीला पानाचा फोटो पाठवला. नववीतली मुलगी, तिचं उत्तर आलं: बाबा, फॉन्ट बदला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मैत्रीला परवापासून ताप. सोनालीची ड्यूटी बदलता येईना, म्हणून काल सकाळीच बसनं खडकीला गेलो. लॅपटॉप बंद करून इथंच ठेवला होता, खोलीला कुलूप होतं. दिवसभर मुलीच्या कपाळावर घड्या ठेवल्या. ताप उतरला तेव्हा चार वाजले होते.

आज परत आलो. कालचा तास बुडाला म्हणून हजेरी बघितली, तर कालच्या तारखेला हिरवी खूण. ओव्हाळ राकेश, हजर.

त्यांची काहीतरी चूक झाली असणार. सरांना कळवायला हवं होतं. पण हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली तर परीक्षेला बसू देत नाहीत. मी गप्प बसलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बुडालेला भाग समजून घ्यायला त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं.

चौथ्या ओळीत, डावीकडून दुसरा चौकोन. त्यात मी बसलो होतो.

हीच खोली, हीच खिडकी, अंगात माझा निळा चौकड्यांचा शर्ट. सरांनी प्रश्न विचारला. मी माइक उघडून उत्तर दिलं, तेही बरोबर. आवाज माझाच. सुरुवातीला सर म्हणाले, आज वीस ऑगस्ट. तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. त्या वेळी मी खडकीत पाण्यात रुमाल बुडवत होतो.

सोनालीला सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? ती म्हणेल, अभ्यासाचा ताण आलाय, जरा झोपा. शिवाय खरं लिहायचं तर, ते उत्तर मला येत नव्हतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आता जे लिहितोय त्याची लाज वाटते.

आठवडाभर एकाच असाइनमेंटवर अडलो होतो. बटण दाबलं की यादी उघडली पाहिजे, एवढंच काम. अवनीनं दोनदा समजावलं, तरी डोक्यात शिरेना. आज तासाच्या आधी लॅपटॉप बंद केला, कुलूप लावलं आणि बाहेर पडलो. मुद्दाम. गणपतीची गर्दी होती. मंडईत तासभर फिरलो, नको असताना पावशेर गवार घेतली. गवार निवडून देणारी बाई म्हणाली, दादा, घाई दिसत नाही तुम्हाला. खरंच नव्हती.

परत आलो तर हजेरी लागलेली, असाइनमेंट पोचलेली. वीसपैकी अठरा. सरांनी खाली लिहिलं होतं: ओव्हाळ, फार चांगली प्रगती.

सोनालीला गुण कळवले. तिचा लगेच फोन आला. आनंदानं तिचा आवाज भरून आला होता. छापखाना बंद पडल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मग कशाला बोलू?

९ सप्टेंबर, मंगळवार

गेल्या आठवडाभरात तीन वेळा बाहेर गेलो. तीनही वेळा काम झालेलं.

आज परतताना जिन्यात सुनीतीबाई भेटल्या. मला खालून वर येताना बघून थबकल्या. म्हणाल्या, तुम्ही तर आत्ताच वर गेलात. मघापासून वरून तुमच्या बोलण्याचा आवाज येतोय. मी म्हणालो, लॅपटॉप चालू राहिला असेल.

त्या जायला निघाल्या, मग वळल्या. म्हणाल्या, पुस्तक मिळालं, सगळी दोनशे बारा पानं. मी त्या पुस्तकाला महिनाभर हात लावलेला नाही.

"एकही चूक सापडली नाही," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षांत पहिल्यांदाच. तुम्हीच लावलंत ना?"

मी हो म्हणालो.

१५ सप्टेंबर, सोमवार

अवनीचा मेसेज. काल रविवारी मी तिला दोन तास शिकवलं, त्याबद्दल आभार. काल मी नदीच्या घाटावर नुसता बसून होतो. तिनं पुढे लिहिलंय, काका, हल्ली तुम्ही कॅमेऱ्यासमोर किती मोकळे असता. आधी सारखे घाबरल्यासारखे दिसायचात.

आज तासाला मी स्वतः बसलो. म्हटलं, बघू तरी. चौकोनात स्वतःला बघितलं. मी हात उचलला. चौकोनातला हात उचलला गेला. पण आधी. माझ्या हाताच्या आधी.

२१ सप्टेंबर, रविवार

घरी गेलो. मैत्री वही घेऊन आली, म्हणाली, बाबा, फोनवर शिकवलेलं ते प्रमेय परत सांगा ना. मी विचारलं, कधी शिकवलं? ती हसली. सोनाली म्हणाली, रोज सातला व्हिडिओ कॉल करता, दादांशीही बोलता, घर कसं हलकं झालंय.

मी एकदाही केलेला नाही.

प्रमेय मला सांगता आलं नाही. मैत्री माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा, फोनवर तुम्ही वेगळेच असता. मग वही मिटून म्हणाली, फोनवर तुम्ही मला एकदाही मैतू म्हणत नाही.

खोलीवर आल्या आल्या पासवर्ड बदलला. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आता बास. परीक्षा माझी मी देणार, नापास झालो तरी चालेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

परीक्षेच्या आधी कॅमेरा चेहरा तपासतो. पट्टी काढली. चष्मा काढला, घातला, खिडकीकडे तोंड केलं. तीनदा तेच उत्तर: चेहरा जुळत नाही.

चौथ्यांदा: हा विद्यार्थी परीक्षेला बसलेला आहे.

खोलीत मी एकटाच होतो. खालून सुनीतीबाईंच्या रेडिओचा आवाज येत होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

श्रीनिवास सरांना फोन केला. ठरवलं होतं, सगळं कबूल करायचं. हजेरी माझी नाही, गुण माझे नाहीत, काढून टाका मला. सर म्हणाले, हॅलो. मी बोलत राहिलो. सर म्हणाले, हॅलो, कोण आहे, आवाज येत नाही. फोन ठेवला. पुन्हा केला. पुन्हा तेच.

सोनालीला केला. लागला. तिचा आवाज आला — हॅलो, हॅलो — आणि मागून कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन गं?

माझ्या आवाजात.

२७ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस बाहेर पडलो नाही. लॅपटॉपच्या कळा दाबल्या जात नाहीत. म्हणजे बोट टेकतं, पण अक्षर उमटत नाही. पेन मात्र चालतं. वहीवर शाई उमटते. म्हणून लिहितोय.

मी त्याला बोलावलं नव्हतं. पण दार उघडं ठेवलं होतं मीच. मंडईत गवार घेत होतो तेव्हा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी आम्ही सगळे खडकीच्या विहारात जातो. बसनं गेलो. कंडक्टर माझ्यापाशी थांबलाच नाही.

विहारापुढे पांढऱ्या कपड्यांची गर्दी. आई दिसली. सोनाली पांढऱ्या साडीत, ती हसत होती. शेजारी तो. पांढरा सदरा, ताठ मान. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवल्याला किती वर्षं झाली —

सोनाली अशी मी जोरात हाक मारली. तिनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागच्या झाडाकडे बघितलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळली.

मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. हाताला कापड लागलं, आतला गरम दंड लागला. त्यानं मला बघितलं. फक्त त्यानंच. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. रांगेत नंबर सोडून गेलेला माणूस परत यावा, तसं बघितलं.

मग वंदना सुरू झाली. सगळ्यांचे हात जोडलेले. माझेही. माझ्याही तोंडून शब्द येत होते. पण मला ते ऐकू आले नाहीत.

३ ऑक्टोबर

सुनीतीबाई वर आल्या. मी खुर्चीत होतो. त्यांनी पंखा बंद केला. स्वतःशीच म्हणाल्या, ओव्हाळ पंखा चालू टाकून गेले, इतकं शिकूनही —

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी पदर सावरला, जणू वारा आला.

जाताना दारात थांबल्या. खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "कोणी आहे का?"

आहे म्हणालो. आहे, बाई, मी आहे. दार लागलं.

५ ऑक्टोबर

भूक नाही. हाताकडे बघतो तर टेबलाची कड दिसते —

६ ऑक्टोबर, सोमवार

ते आलेत. तिघंही. जिन्यात आवाज — त्याला नोकरी लागली, खोली सोडायची. सुनीतीबाई म्हणताहेत, पेढे चांगले आहेत.

सोनाली कॉटवरची चादर घडी करतेय. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. तिच्या केसांना साबणाचा वास.

तो दारात उभा. आत येत नाही. माझ्याकडे बघतोय.

लॅपटॉप पिशवीत गेला. शर्ट गेले. मैत्री टेबलापाशी —

मैत्रीनं पेन बघितलं. पेन हलतंय. ती ओरडली नाही. वाकली. वाचतेय. ओठ हलताहेत.

मैतू, मी आहे. मैतू. दारातला तो मी नाही.

रडतेय. वळून दाराकडे बघतेय. तो आत येतोय, हात पुढे करतोय, म्हणतोय ती वही दे इकडे —

नाही म्हणाली. देत नाही. दोन्ही हातांनी उचलतेय — बाळा, छातीशी धरू नकोस, मला लिहिता ये